वखार ते छावणी : काही इमारतींची कहाणी

(इतिहासप्रेमी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी इतिहाससंशोधक नाही. माझे आयुष्य इमारती बांधण्यात आणि त्याहूनही अधिक, जुन्या इमारती पडू नयेत म्हणून त्यांना टेकू देण्यात गेले. त्यामुळे आज जे मांडणार आहे, ते कागदपत्रांपेक्षा भिंतींकडे पाहताना सुचलेले आहे. कागदपत्रांतील जे घेतले, ते थोरामोठ्यांनी आधीच शोधून ठेवलेले आहे. त्याचे श्रेय माझे नाही.

आजचा विषय आहे वखार. हा शब्द उच्चारला की शहरातल्या माणसाला लाकडाची वखार आठवते आणि शेतकऱ्याला वखार महामंडळाचे गोदाम. इतिहासाच्या पुस्तकात मात्र हाच शब्द निराळ्या सोबतीने येतो. इंग्रजांची वखार, डचांची वखार, फ्रेंचांची वखार. इंग्रज स्वतः तिला 'फॅक्टरी' म्हणत. आजच्या विद्यार्थ्याचा त्यामुळे गोंधळ होतो, कारण तेथे काहीच तयार होत नसे. 'फॅक्टर' म्हणजे आपल्या बाजारातला अडत्या. अडत्यांनी राहावे, माल साठवावा, हिशेब लिहावेत आणि जहाजाची वाट पाहावी, अशी ती जागा. आपल्या पूर्वजांनी तिला 'वखार' म्हटले ते अचूकच होते.

वखारीच्या मागोमाग साम्राज्य आले, हे आपण शाळेत शिकलो. ते राजकारणाच्या अंगाने शिकलो. माझ्यासारख्या माणसाला प्रश्न पडतो तो बांधकामाच्या अंगाने. मालासाठी बांधलेल्या घरात उद्या शिपाई राहू लागले, तर त्या घरात काय काय बदलावे लागेल?

याचे उत्तर मला एका अनुभवाने मिळाले. नोकरीत असताना एका जुन्या, ब्रिटिशकालीन गोदामात भरतीच्या उमेदवारांची तात्पुरती निवासाची सोय करण्याचे काम माझ्याकडे आले. मी सवयीप्रमाणे यादी करायला बसलो. बंदोबस्तासाठी भोवती भिंत हवी : होती. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर राहावी म्हणून दरवाजा एकच हवा : एकच होता. सर्वांना सारखी जागा मिळावी म्हणून एकसारखे गाळे हवेत : तेही होते. सकाळी रांगेत उभे करायला मोकळा चौक हवा : जेथे एकेकाळी बैलगाड्या उतरत, तो चौक समोरच पसरलेला. जमीन तर अशी की पोत्यांची थप्पी पेलणाऱ्या फरसबंदीवर पाचशे माणसे नाचली तरी तडा जाऊ नये. यादीत शेवटी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे हवा. गोदामाला खिडक्या नव्हत्या. छताजवळ हातभर रुंदीचे गजांचे झरोके तेवढे होते. एक खिडकी पाडायला सांगितली. चुन्यातले ते जुने दगडकाम फोडता फोडता गवंड्यांना तीन दिवस लागले. तेव्हा माझ्या लक्षात आले की वखार आणि छावणी यांच्यात स्थापत्याच्या दृष्टीने एका खिडकीचेच काय ते अंतर आहे.

कारण उघड आहे. मालाचे शत्रू तीन : चोर, आग आणि ओल. पहिल्या दोघांना दूर ठेवण्यासाठी जी भिंत उभारावी लागते, तीच बाहेरच्या बंडखोराला बाहेर आणि आतल्या शिपायाला आत ठेवते. व्यापाऱ्याने मालासाठी केलेला खर्च सेनापतीला आयता मिळतो.

आता आपण थोडा वेळ दूर जाऊ. भारतातील उदाहरणांकडे परत येणारच आहोत. पण वखारीच्या छावणीची संपूर्ण कहाणी, जन्मापासून राखेपर्यंत, जिच्यात एकाच ठिकाणी पाहायला मिळते अशी इमारत आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन येथे होती. तिचे नाव लिनन हॉल. आणि तिच्या जन्माशी आपल्या विणकरांचाही एक धागा जोडलेला आहे.

लिनन म्हणजे जवसाच्या देठापासून काढलेल्या धाग्याचे कापड. आपण जवसाचे तेल काढतो, चटणी करतो. उत्तर आयर्लंडमधील शेतकरी ते पीक धाग्यासाठी घेत. देठ पाण्यात कुजवायचे, वाळवायचे, कुटायचे, विंचरायचे. मग घरातल्या बायकांनी सूत कातायचे आणि पुरुषांनी मागावर विणायचे. असे तयार झालेले कोरे कापड मळकट तपकिरी असे. ते हिरवळीवर पसरून उन्हापावसात शुभ्र करण्यात कित्येक महिने जात. एवढ्या हातांतून गेलेला माल महाग असणारच. आणि महाग मालाला भक्कम घर लागते.

पण या उद्योगाला राजाश्रय का मिळाला, हे पाहण्यासारखे आहे. आयरिश लोकांचा पूर्वीपासूनचा धंदा लोकरीच्या कापडाचा. त्याची स्पर्धा इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांना होऊ लागली, म्हणून इंग्लंडच्या संसदेने १६९९ साली कायदा करून आयर्लंडच्या लोकरी कापडाची परदेशी निर्यात बंद केली. लिननला मात्र उत्तेजन दिले, कारण त्यात इंग्लंडचा स्वतःचा फारसा स्वार्थ अडकलेला नव्हता. उलट युरोपातून येणारे लिनन त्यामुळे कमी झाले असते. फ्रान्समधून परागंदा झालेले कुशल विणकर लुई क्रॉमेलिन यांच्यासह लिस्बर्न या गावी वसवले गेले. १७११ साली सरकारी लिनन मंडळ स्थापन झाले. पराधीन देशाने कोणता धंदा करावा आणि कोणता सोडावा, हे असे दुसऱ्याच्या संसदेत ठरत होते.

आपला धागा येथे जोडला जातो. भारतातून जाणाऱ्या छापील सुती कापडाने त्या काळी इंग्लंडच्या घराघरांत प्रवेश केला होता. लंडनच्या विणकरांनी आरडाओरडा केला आणि १७०० व १७२१ च्या कायद्यांनी ते कापड वापरण्यावरच बंदी आली. बाजारात जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढणाऱ्यांत लिननचा मोठा वाटा होता. सुरतेच्या आणि मच्छलीपट्टणच्या छिप्यांचे काम गेले, त्या सुमारासच डब्लिनच्या अडत्यांचे गाळे भरू लागले. याचा दोष त्या आयरिश विणकराला देण्याचे कारण नाही. दोघांचेही भवितव्य एकाच सभागृहात ठरत होते आणि त्या सभागृहात दोघांपैकी कोणालाही मत नव्हते.

डब्लिनचा लिनन हॉल १७२८ साली उघडला. नाव 'हॉल' असले तरी ते एक सभागृह नव्हते. सहा मोठे चौक, प्रत्येक चौकाभोवती कोठारांच्या रांगा, खाली कमानींची ओसरी आणि वर सज्जा, आणि या सगळ्यांना जोडणारी एकच वाट. आपला दुमजली, चौसोपी वाडा सहा वेळा एकापुढे एक मांडला तर काहीशी कल्पना येईल. आत साडेपाचशेच्या आसपास गाळे होते. एकेक गाळा एकेका अडत्याचा. शिवाय मोठा व्यवहारकक्ष, मंडळाची बैठकीची खोली आणि व्यापाऱ्यांसाठी कॉफीची खोली. उत्तरेकडून गाड्या भरभरून कापड यायचे, गाळ्यात उतरायचे, तपासले जायचे आणि इंग्रज खरेदीदार ते उधारीवर उचलून जहाजावर चढवायचे. भोवतालच्या रस्त्यांना उत्तरेतील लिननच्या गावांची नावे दिली गेली : कोलरेन स्ट्रीट, लर्गन स्ट्रीट, लिस्बर्न स्ट्रीट.

या वास्तूचा रचनाकार होता थॉमस बर्ग. हे नाव मी मुद्दाम घेतो. बर्ग हा मुळात लष्करी अभियंता. तिसऱ्या विल्यमच्या सैन्यात त्याने नोकरी केलेली. पुढे तो आयर्लंडचा मुख्य सरकारी बांधकाम अधिकारी झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे विख्यात ग्रंथालय त्याचेच. पण त्याचे पहिले मोठे काम कोणते? अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधलेली डब्लिनची रॉयल बरॅक्स. सैनिकांना राहण्यासाठीच म्हणून एवढ्या प्रमाणावर उभारलेली ती युरोपातील आरंभीच्या इमारतींपैकी एक. त्याआधी सैनिक खाणावळीत आणि लोकांच्या घरांत कोंबले जात. इंग्लंडमध्ये लोकांना छावण्या नको होत्या. शांततेच्या काळातील खडे सैन्य म्हणजे स्वातंत्र्यावर संकट, असे त्यांचे मत. म्हणून लोकरीवर बंदी आली त्याच १६९९ साली दुसऱ्या एका कायद्याने असे ठरले की इंग्लंडमध्ये सात हजारच सैन्य ठेवावे, आणि आयर्लंडमध्ये बारा हजार. आपल्या अंगणात जे चालत नाही ते शेजाऱ्याच्या अंगणात चालते, हा न्याय!

तर छावणी बांधणाऱ्या हातानेच पुढे वखार बांधली. दोन्ही इमारतींची मांडणी चौकांची, एकासारख्या एक खणांची, कमानींच्या ओसरीची. बर्गने काही कपट केले असे मला म्हणायचे नाही. चांगल्या अभियंत्याला एक घडी बसली की तो तीच पुन्हा वापरतो. मीही वापरली आहे. पण शंभर-दीडशे वर्षांनी जेव्हा लष्कराला जागेची गरज पडली, तेव्हा लिनन हॉलच्या दारात शिरताच अधिकाऱ्यांना आपल्याच घरी आल्यासारखे वाटले असेल.

वखार ओस कशी पडली, ते थोडक्यात सांगतो. उत्तरेकडच्या विणकरांना आणि व्यापाऱ्यांना डब्लिनची लांबची वाट आणि तिथली अडत नकोशी झाली. १७८२ साली लिनन मंडळाच्या शिक्क्यांच्या नियमांवरून वाद पेटला आणि त्यांनी बेलफास्ट येथे स्वतःचा लिनन हॉल उभारला. तो १७८५ मध्ये सुरू झाला. (त्याच जागेवर आज बेलफास्टचे नगरभवन उभे आहे.) १८०१ पासून आयर्लंडची वेगळी संसदही उरली नाही. गिरणीचे सूत आले, व्यापार उत्तरेला सरकला, १८२८ मध्ये लिनन मंडळच बरखास्त झाले. साडेपाचशे गाळ्यांची ती पेठ रिकामी पडली आणि पुढे लष्कराच्या हाती गेली. नाव झाले लिननहॉल बरॅक्स. कापड गेले, नाव राहिले.

शिपायाच्या दृष्टीने ही जागा कशी असेल? येथे पुन्हा त्या खिडकीचा प्रश्न येतो. क्रिमियाच्या युद्धानंतर ब्रिटिश सरकारच्या ध्यानात आले की लढाईत मरतात त्यापेक्षा किती तरी जास्त शिपाई छावणीतल्या कोंदट हवेने आणि घाणीने मरतात. चौकशी आयोग बसला आणि प्रत्येक शिपायामागे निदान ६०० घनफूट हवा हवी असे त्याने सुचवले. भारतातील गोऱ्या सैन्याची चौकशी पुढे १८६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे अपार परिश्रम होते. त्यात दर हजारी ६९ मृत्यू हा आकडा आला. आपल्याकडच्या कँटोन्मेंटमध्ये उंच छताच्या, चहूबाजूंनी व्हरांड्याच्या, सुट्या सुट्या बराकी दिसतात ना, त्या या आकड्याची परिणती आहेत. नव्याने बांधायचे तर हे सर्व करता येते. जुन्या वखारीत ते करता येत नाही. तेथे भिंत कापडाच्या मापाची असते आणि माणसाला त्या मापात बसावे लागते.

१९१६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सोमवारी, २४ तारखेला डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. शहराच्या ज्या भागात लिननहॉल बरॅक्स होती तेथील स्वयंसेवक दलाचा प्रमुख होता एडवर्ड डेली नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण. त्या वेळी बराकीत लढवय्ये सैनिक नव्हतेच. लष्कराच्या पगार खात्यातले सुमारे चाळीस कारकून तेथे होते, तेही निःशस्त्र. म्हणजे पुन्हा हिशेबाच्या वह्याच! बुधवारी, २६ तारखेला, त्यांनी शरणागती पत्करली. डेलीसमोर प्रश्न असा होता की एवढी प्रचंड वास्तू राखायची कशी? माणसे मूठभर. ती सोडून द्यावी तर इंग्रज सैन्य परत येऊन तिच्या भिंतींआड ठाण मांडणार. त्याने इमारत पेटवून दिली.

मी बांधकामवाला असल्यामुळे या आगीचा विचार वेगळ्या रीतीने करतो. वखारीच्या बाहेरच्या भिंतीला आग लागत नाही. पण आतले मजले, तुळया, सज्जे आणि जिने लाकडाचे असतात. दोनशे वर्षे वाळलेले लाकूड. चौक तर धुराड्यासारखे काम करतात, वारा खालून ओढतात. ही आग शेजारच्या औषधांच्या आणि तेलांच्या कोठारापर्यंत पोचली, पिंपे फुटली, आणि रात्रीच्या वेळी रस्ते दिवसासारखे उजळून निघाले. शनिवारी, २९ तारखेला, उठाव संपला. ४ मे रोजी एडवर्ड डेलीला गोळ्या घालण्यात आल्या.

त्याच आठवड्यात आपल्याकडे काय घडत होते? २८ एप्रिल १९१६ रोजी, बेळगाव येथे, लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडच्या चळवळीतून घेतलेला. मार्ग निराळे होते, हे खरे. लोकमान्यांचा मार्ग सनदशीर मागणीचा, डब्लिनच्या तरुणांचा बंदुकीचा. आणि बेळगावची योजना डब्लिनच्या बातमीवरून आखलेली नव्हती, ती आधीपासून ठरत आलेली होती. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मन थोडे थबकते. कापडावरच्या कायद्यांनी ज्यांना एकाच वेळी चिमटा काढला होता, ते दोन देश दोनशे वर्षांनी एकाच आठवड्यात एकच शब्द निरनिराळ्या स्वरात उच्चारत होते.

आता आपल्या घरी येऊ.

एका शंकेचे निरसन आधी केले पाहिजे. कोठार आणि शिबंदी एकत्र असणे हा काही युरोपीय लोकांनी लावलेला शोध नव्हे. पन्हाळ्याचा अंबारखाना आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावे. प्रचंड जाडीच्या भिंती, बाहेरून छतावर जाणारे जिने आणि वरून धान्य ओतण्यासाठी ठेवलेली भोके. तेही भक्कम, तेही जवळजवळ बिनखिडक्यांचे. फरक असा की ते गडाच्या पोटात आहे. गड आधी, कोठार नंतर. आणि त्या धान्यावर गडकऱ्यांचा व वेढ्याच्या प्रसंगी आसऱ्याला आलेल्या रयतेचा प्राण अवलंबून. वखारीत क्रम उलटा असतो. कोठार आधी येते, 'आम्ही केवळ व्यापारी' असे म्हणत. तट मागाहून येतो.

हा क्रम सर्वप्रथम ओळखला तो छत्रपती शिवाजी महाराजांनी, आणि तोही स्वानुभवाने. १६६० साली महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या सहकाऱ्यांसह उखळी तोफ आणि तिचे गोळे घेऊन जौहरच्या छावणीत गेला आणि आपले निशाण लावून गडावर मारा केला. विचार करा, हा अडत्या! मिरी आणि कापडाचा हिशेब लिहिणारा. वखारीत तोफ होती म्हणून तो तोफ घेऊन जाऊ शकला. महाराज हे विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर छापा घातला, वखार लुटून खणून काढली आणि तेथल्या इंग्रजांना कैदेत टाकले. त्यांची सुटका व्हायला १६६३ साल उजाडले. महाराजांनी केवळ माणसे पकडली नाहीत, इमारतच मोडली, हे मला विशेष वाटते. माणसे सुटतात, बदलतात. पुन्हा तोफ ठेवायची तर घर लागते.

१६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांचा तेथील अध्यक्ष जॉर्ज ऑक्झेंडन वखारीची दारे लावून, तोफा मांडून आत ठाण मांडून बसला. मोगलांचा सुभेदार किल्ल्यात दडून बसलेला आणि परक्या व्यापाऱ्यांची वखार मात्र लढतेय, असे ते चित्र. नंतर औरंगजेबाने खूश होऊन त्यांना जकातीत सूट दिली. आपल्या राज्यातील एका खासगी घराला तट आणि तोफा आहेत, या गोष्टीची बादशहाला चिंता वाटायला हवी होती. त्याने बक्षीस दिले. पुढे १७५९ साली इंग्रजांनी सुरतेचा किल्लाच ताब्यात घेतला.

महाराजांची ही दृष्टी स्वराज्याच्या कारभाऱ्यांमध्ये कशी मुरली होती, याची साक्ष आज्ञापत्रात मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेला, १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीचा ग्रंथ. साहुकारांना त्यात राज्याची शोभा म्हटले आहे, व्यापाऱ्यांचा मान राखायला सांगितले आहे. पण टोपीकरांविषयी अमात्य स्पष्ट बजावतात की हे लोक इतर साहुकारांसारखे नव्हेत. यांच्यामागे यांचे राजे आहेत आणि यांना भूमीचा लोभ आहे. आणि मग, बंधूंनो, ते थेट बांधकामाच्या तपशिलात शिरतात. यांना वखारीसाठी जागा शक्यतो देऊच नये. द्यायचीच तर समुद्रकिनाऱ्याला लागून देऊ नये, सखल आणि आपल्या नजरेखालची द्यावी, पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांचे. किनाऱ्यावर पक्के बांधकाम मिळाले की त्या बळाच्या जोरावर ते नवा किल्लाच उभा करतील. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी मुत्सद्द्याने लिहिलेले हे नियम मी नगररचनेच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवतो, तेव्हा त्यांना ते एखाद्या आधुनिक बांधकाम नियमावलीतले वाटतात. जागा कोठे, उंची किती, साहित्य कोणते. राज्य राखण्यासाठी चटई क्षेत्राचाही विचार करावा लागतो!

अमात्यांना माहीत नव्हती अशी एक गोष्ट सांगतो, कारण ती त्यांच्या पश्चात घडली. कंपनीच्या वखारीचे हे रूप केवळ भारतातच होते असे नाही. खुद्द लंडन शहरात कंपनीची प्रचंड गोदामे होती. चहा, रेशीम, मलमल, मसाले सारे तेथे येऊन पडे. फ्रान्सच्या क्रांतीनंतर लंडनमध्येही दंगली होतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा १७९६ साली कंपनीने काय करावे? आपल्या गोदामांतील हमालांनाच बंदुका आणि गणवेश दिले, त्यांच्या पलटणी केल्या. अधिकारी कचेरीतल्या कारकुनांमधून आणि मुख्य पदे संचालकांकडे. 'रॉयल ईस्ट इंडिया व्हॉलंटियर्स' हे त्यांचे नाव. सकाळी गाठोडी उचलायची आणि मग चौकात कवायत करायची. मध्ये काही वर्षांचा खंड पडून ही सेना १८३४ पर्यंत होती. येथे तर इमारतीत बदल करण्याचीही गरज पडली नाही. माणूस तोच, चौक तोच, फक्त खांद्यावरचे ओझे बदलले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे. दोन गोष्टी सांगून थांबतो.

डब्लिनमध्ये लिनन हॉल उरला नाही. त्या जागेवर घरे झाली; कोलरेन, लर्गन आणि लिस्बर्न ही रस्त्यांची नावे आहेत, आणि एका रस्त्याचे नाव लिननहॉल परेड. पण त्याच बर्गने बांधलेली रॉयल बरॅक्स उभी आहे. स्वातंत्र्यानंतर तिला मायकेल कॉलिन्सचे नाव देण्यात आले आणि १९९७ पासून तेथे आयर्लंडचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. जुनी वस्त्रे, भांडी, शस्त्रे आता त्या खणांत मांडून ठेवली आहेत. वखारीची छावणी झाली होती. येथे छावणीची एका अर्थाने वखार झाली.

आपल्या मुंबईत, बॅलार्ड इस्टेटच्या जवळ, टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या ताब्यातील जो जुना कोट आहे, तो बॉम्बे कॅसल. मुळात तेथे पोर्तुगीज अमलात गार्सिया द ओर्ता या वैद्याची हवेली होती. १६६८ साली बेट कंपनीला मिळाले आणि १६८७ मध्ये कंपनीने आपला मुख्य कारभार सुरतेच्या वखारीतून मुंबईला हलवला. ज्या सत्तेचा आरंभ भाड्याच्या घरातील वखारीत झाला तिला अशा रीतीने कोट मिळाला. पुढे तेथे 'कॅसल बरॅक्स' आली. २१ फेब्रुवारी १९४६ रोजी याच बराकीतील आपल्या नौसैनिकांनी ब्रिटिश सैन्याशी गोळीबाराची झुंज दिली. हे स्वातंत्र्याच्या दीड वर्ष आधी. त्या तटाच्या आतील नौदल तळाला 'डलहौसी' हे नाव होते, ज्याने आपली संस्थाने गिळली त्या गव्हर्नर जनरलचे. १९५१ मध्ये ते बदलून 'आयएनएस आंग्रे' करण्यात आले. कान्होजींनी इंग्रजांच्या जहाजांना ज्या किनाऱ्यावर दहशत घातली, त्याच किनाऱ्यावरच्या कंपनीच्या कोटावर आज कान्होजींचे नाव आहे.

दुसरी गोष्ट ही एक विनंती आहे. आपल्या शाखांच्या, शाळांच्या, कुटुंबांच्या सहली गडांवर जातात, जायलाच हव्यात. कधी वाट थोडी वाकडी करून वेंगुर्ल्याला जा. तेथे सतराव्या शतकातील डच वखार आहे. राज्य संरक्षित स्मारक आहे. मुलांना बरोबर एक मोजपट्टी द्या. त्यांना भिंतीची जाडी मोजू द्या, दरवाजे किती ते मोजू द्या, खिडक्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते पाहू द्या, आणि समुद्र तेथून किती दूर आहे ते पावलांनी मोजायला सांगा. मग घरी आल्यावर त्यांना आज्ञापत्रातील टोपीकरांचे प्रकरण वाचून दाखवा. प्रश्न ते स्वतःच विचारतील.